जुनी जिप्सी डोंगरवाटांसाठी बांधायची आहे, आधी कशाला हात घालू?

वाईकर_जिप्सी

राम राम मंडळी.

फलटणच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून २००३ ची मारुती जिप्सी किंग घेतली आहे. सॉफ्ट टॉप, एमपीएफआय पेट्रोल. इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होतं, धूर नाही, गरमही होत नाही. गाडी आयुष्यभर अंड्यांचे ट्रे आणि खाद्याची पोती वाहत होती. अंगाने थकली आहे, पण कुणी काही कापलं-जोडलेलं नाही, म्हणूनच ती घेतली.

दुखणी सांगतो. पन्नास-साठच्या वेगात एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबत नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळं तेलकट झालंय. छोटा लिव्हर चार-चाकी लो मध्ये पडतो, पण चिखलात पुढची चाकं ओढतायत असं वाटत नाही. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे जाते. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गेलाय की मॅट उचललं की रस्ता दिसतो.

गाडी मला जोर, बलकवडी, धोमच्या मागच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर चालवायची आहे. आमचं थोडं रान वरच्या अंगाला आहे, पावसाळ्यात तिथे ट्रॅक्टरसुद्धा कुरकुरतो. शिवाय ओळखीतली काही पोरं खाजगी जागेत ट्रेल भरवतात, तिथेही जायची हौस आहे. रोज ऑफिसला न्यायची नाही, पण वाई-सातारा हायवेने सुखरूप गेली पाहिजे, कारण बायको आणि मुलगी बरोबर असणार.

डोक्यातला बेत असा: पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) अॅक्सलच्या वर घेऊन गाडी उचलायची, ३१ इंची टायर, पुढे लोखंडी बंपर, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र). हाताशी अडीच लाख आहेत. इथला एक जण म्हणतो, आधी उचलून टाक, बाकीचं होत राहील. माझं शेतीअवजारांचं फॅब्रिकेशनचं काम आहे, वेल्डिंग मशीन घरचंच आहे, त्यामुळे लोखंडाला मी घाबरत नाही. गाडीच्या यंत्राला मात्र घाबरतो. क्रम कसा लावू?

---

त्र्यंबकचा_गडी

अभिनंदन दादा, चांगली गाडी पकडलीत. हजार किलोच्या आसपास वजन, मजबूत शिडीसारखी चॅसी, दोन्हीकडे सलग अॅक्सल. आजच्या बाजारात असं नवीन फार थोडं मिळतं.

माझी जिप्सी पाटे वर घेतलेली आहे. कंपनीच्या गाडीत पाटे अॅक्सलच्या खाली असतात. ते वर घेतले की साधारण पाच इंच उंची मिळते आणि पाट्यांचे यू-बोल्ट दगडावर घासायचे थांबतात. त्र्यंबकच्या बाजूच्या खडकाळ ओढ्यांमध्ये मला त्याचा फार उपयोग होतो, त्यामुळे ते करूच नका असं मी म्हणणार नाही. पण ते नुसतं पाटे हलवण्याचं काम नाही. प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, ब्रेकचे होज आखूड पडतात, स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका होतो. आणि अॅक्सिलरेटर दिला की अॅक्सल पाट्यावरच पिळला जातो, त्यासाठी वेगळा टॉर्क आर्म लावावा लागतो. हे सगळं करणारा माणूस जवळ असेल तरच करा.

कोल्हापूरच्या ताई इथे असतात, त्यांनी लिहावं.

---

पाने_आणि_पाटे (कोल्हापूर)

लिहिते. वडिलांचं गॅरेज आता मी चालवते. राधानगरी, गगनबावडा, आजऱ्याकडच्या जीप आणि जिप्सी आमच्याकडे येतात. म्हणजे हौसेच्या गाड्या थोड्या आणि रोज चिखल खाणाऱ्या जास्त. त्या अनुभवावर बोलते.

भावा, तुझ्या यादीतली पहिली चार कामं मी शेवटी ठेवते आणि तू दुखणी म्हणून जी लिहिलीस ती सगळी वर आणते. गाडी आधी कंपनीतून निघाली तशी सरळ झाली पाहिजे. थडथडणाऱ्या गाडीला पाच इंच उचललंस तर तेच थडथडणं पाच इंच उंचावरून होईल, आणि आत तुझी मुलगी बसलेली असेल. यावर मी हटून बसते, कारण माझ्याकडे अशा गाड्या टोचन करून येतात.

आता एकेक घेऊ.

थडथडणं. हे जवळजवळ नेहमी किंगपिनचं असतं, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचं. जिप्सीच्या पुढच्या अॅक्सलच्या दोन्ही टोकांना लोखंडी गोळा असतो आणि त्या गोळ्यावर नकल (चाक धरून वळणारा भाग) फिरतो, वर एक किंगपिन बेअरिंग, खाली एक. ही बेअरिंगं शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून थोडी आवळलेली असावी लागतात. झिजली किंवा शिम जास्त राहिली की चाकाला डोलायला जागा मिळते. लोक यावर नवा स्टिअरिंग डँपर लावून मोकळे होतात. डँपर ते डोलणं दाबून धरतो, बरं करत नाही. तो थकला की पुन्हा तेच, फक्त तोवर बेअरिंगच्या वाट्या चांगल्याच खणल्या गेलेल्या असतात.

ओळखायचं कसं? पुढचं चाक जॅकवर उचल, खाली स्टँड लाव. चाकाला वर आणि खाली हात धरून हलव. खेळ जाणवला की कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि पुन्हा हलव. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे. तरीही राहिला तर किंगपिन. दोन मिनिटांचं काम आहे आणि खोटं बोलत नाही. सोबत टाय रॉडचे एंड आणि पाट्यांचे बुशही बघून घे, पण माझा अंदाज किंगपिन.

डाव्या चाकाच्या आतलं तेल. हे थडथडण्याच्या शेजारीच राहतं, म्हणून दोन्ही कामं एकदम कर. अॅक्सलच्या नळीच्या टोकाला आत एक सील असतं. डिफरन्शियलचं (वळताना दोन्हीकडच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरचं) तेल त्याच्या आतच राहायला हवं आणि नकलमध्ये फक्त ग्रीस. ते सील गेलं की तेल नकलमध्ये शिरतं, ग्रीस विरघळवतं, आणि मग ते पातळ मिश्रण बाहेरच्या सीलमधून चाकावर उतरतं. उघडशील तेव्हा करड्या रंगाची आमटी सांडेल, म्हणून खाली ट्रे ठेव. एवढ्यावर थांबत नाही हे. ग्रीस वाहून गेलं की आतला बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकाला ताकद पोचवणारा गोळ्यांचा सांधा, आणि ती किंगपिन बेअरिंगं, दोघंही कोरडी चालतात. त्यात पावसाळ्यात ओढ्याचं पाणी गेलं तर विचारूच नको. लोक बाहेरचं सील बदलतात, कारण गळती तिथे दिसते. आतलं न बदलता बाहेरचं बदलणं म्हणजे पैसे वाया. दोन्ही बाजूंची, आतली-बाहेरची सगळी सीलं, चारही किंगपिन बेअरिंगं, दोन्ही बाजूंना एकदम. एक बाजू करायची आणि दुसरी "अजून चालतेय" म्हणून ठेवायची, असं करू नकोस.

चार-चाकी लागत नाही असं वाटणं. अंदाजावर सोडू नकोस, तपास. गाडी सपाटीवर, मागच्या चाकांना ओट लावून, पुढची दोन्ही चाकं हवेत आणि अॅक्सलखाली पक्के स्टँड. इंजिन बंद, लिव्हर चार-चाकीत. आता पुढचं एक चाक हाताने फिरव आणि पुढच्या शाफ्टकडे बघ. चाक फिरतंय, दुसरं चाकही हलत नाही आणि शाफ्टही हलत नाही, म्हणजे दोनपैकी एक तरी हब (चाकाला अॅक्सलच्या शाफ्टशी जोडणारं कुलूप) लॉक होत नाहीये. दुसरं चाक उलटं फिरतंय आणि शाफ्ट धरलेला आहे, म्हणजे पुढचा अॅक्सल ठीक आहे. शाफ्टच मोकळा फिरत असेल, तर चौकशी ट्रान्सफर केसकडे (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीकडे) न्यायची. आणि एक ध्यानात ठेव, जिप्सीला मध्ये डिफरन्शियल नाही. चार-चाकी लावून कोरड्या डांबरावर वळलास तर पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटतं. चार-चाकी फक्त जिथे चाक थोडं घसरू शकतं तिथेच.

ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नाही, चॅसीवर वेगळी टांगलेली आहे, मधे छोटा शाफ्ट. ती रबरी माउंटवर बसते. पोती वाहिलेल्या गाडीत ती रबरं फाटलेली असतात आणि लो मध्ये जोर पडला की केस वळते, लिव्हर उडतो. खाली झोपून पहारीने केस हलवून बघ. स्वस्त वस्तू आहे, सगळी बदल.

ब्रेक. उजवीकडे ओढतोय म्हणजे बहुधा डावा कॅलिपर अडकलाय, किंवा डाव्या डिस्कवर तेच तेल पोचलंय. नकलचं काम झाल्यावर डावे-उजवे दोन्ही पॅड नवे घाल. तेल प्यालेले पॅड घासून स्वच्छ होत नाहीत. मागचे ड्रम उघड, व्हील सिलिंडर बघ, सगळे रबरी होज बदल, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं.

इंजिन चांगलं वाटतंय. तरीही कंप्रेशन मोजून घे. या १३०० च्या इंजिनात नव्याला १४ किलोच्या आसपास येतं, १२ च्या खाली गेलं किंवा चार सिलिंडरमध्ये एक किलोपेक्षा जास्त फरक असेल तर पुढचं बोलू. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नसेल तर तो कधीच बदललेला नाही असं समज. बेल्ट, त्याचा टेन्शनर, वॉटर पंप एकदम. रेडिएटर काढून आतून धुऊन घे. हायवेवर गरम होत नाही यावर जाऊ नकोस. पहिल्या लो मध्ये चढावर वारा लागत नाही आणि इंजिन मात्र पूर्ण राबत असतं.

आता उंची आणि टायर. इथे मी थोडी जास्त बसते.

जिप्सीचा पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफर केसचा लो २.२६८, अॅक्सलचा ३.९०९. तिन्ही गुणले की साधारण ३२ येतात. म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या ३२ फेऱ्या. इंजिन ८०० वर शांत चालत असताना कंपनीच्या २०५/७० आर १५ टायरवर गाडी ताशी तीन किलोमीटरच्या आसपास सरकते. दगडावरून ब्रेकवर पाय न ठेवता उतरायला हा वेग आधीच थोडा जास्त आहे. त्यावर तू ३१ इंची टायर घातलास, की कंपनीचा टायर सव्वासव्वीस इंचाचा आहे, म्हणजे चाक १८ टक्के मोठं. गाडी त्याच फेऱ्यांवर साडेतीनच्या पुढे पळणार आणि ओढ त्या प्रमाणात कमी. ८० अश्वशक्ती कागदावर आहे, पण ती वरच्या फेऱ्यांवर मिळते. चढावर खालून जोर नाही म्हणून तू क्लच अर्धा दाबून धरणार, आणि क्लच प्लेटचा वास मला कोल्हापुरात येणार.

म्हणून पैसे उरले तर ते ट्रान्सफर केसच्या आतल्या लो गिअरवर घाल. जिप्सीच्या परदेशी भावंडांसाठी ४.१६ चे लो गिअर बनतात, ते बसले की तेच ३२ जवळपास ६० होतात आणि गाडी त्याच ८०० वर ताशी पावणेदोन किलोमीटरने उतरते. ब्रेकला हात न लावता, चारही चाकं दगडाला चिकटून. ज्यांनी हे एकदा चालवलंय ते उंचीचं नाव काढत नाहीत.

टायर २१५/७५ आर १५ घे, ऑल टेरेन. उंची पावणेअठ्ठावीस इंच होते, म्हणजे अॅक्सल जमिनीपासून आणखी पावणेदोन सेंटिमीटर वर, आणि काही कापायला लागत नाही. ट्रेलवर हवा १८ पीएसआयपर्यंत उतरव. हलकी गाडी आहे, टायर पसरतो आणि पकड धरतो. छोटा हवेचा पंप गाडीत ठेव, हायवेला लागण्याआधी पुन्हा भर. हवा कमी ठेवून हायवेने जायचं नाही.

डिफरन्शियलचे ब्रीदर. कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अॅक्सलच्या वर एक छोटी टोपी असते, तिथून आतली गरम हवा बाहेर जाते. गरम अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि जिथून जमेल तिथून पाणी ओढून घेते. मग तेल चहासारखं होतं. दोन्ही अॅक्सलच्या टोप्या काढून तिथून रबरी नळी वर बॉनेटच्या उंचीपर्यंत ने. शंभर-दोनशे रुपयांचं काम, आणि क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलचे गिअर, वाचतात. पाण्यातून आल्यावर ड्रेन बोल्ट थोडा सैल करून थेंब बघायचा, ही सवय लावून घे.

अडीच लाखातला निम्म्याहून जास्त पैसा अशा कामात जाईल जे फोटोत दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. असं बांधून एक पावसाळा चालव, गाडी स्वतः सांगेल तिला पुढे काय पाहिजे. त्र्यंबकच्या दादांच्या वाटा मोठ्या दगडांच्या आहेत, त्यांना ती उंची शोभते. जोर-बलकवडीचा चिखल आणि चढ वेगळे.

---

तळकोकणी

ताईंनी यंत्राचं सांगितलं, मी पत्र्याचं आणि चॅसीचं सांगतो. सावंतवाडीला आमच्या हवेत लोखंड कसं जातं ते आम्ही जवळून बघतो.

पायाखालचा पत्रा गेलाय म्हणजे तो फक्त दिसला. जिप्सीची चॅसी पोकळ पेटीसारखी आहे, तिला खाली निचऱ्याची भोकं असतात. ती मातीने बुजतात, आत ओली माती बसून राहते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग शाबूत. म्हणून छोटी हातोडी घेऊन संपूर्ण चॅसीवर टकटक करत जा. सगळीकडे खणखणीत आवाज येईल, जिथे बद्द येईल तिथे खडूने खूण कर. मागच्या चाकांच्या वरचा वळलेला भाग, पाट्यांचे शॅकल (टोकाचे झुलते दुवे) जिथे लटकतात ती जागा, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे चॅसीला बोल्ट केलाय तिथे विशेष बघ. स्टिअरिंग बॉक्सजवळ केसाएवढी चीर असते, रंगाखाली दिसत नाही, वायर ब्रश मारून बघावी लागते.

निचऱ्याची भोकं तारेने मोकळी कर, आत पाण्याचा जोराचा फवारा सोड, खालून लाल पाणी यायचं थांबेपर्यंत. मग आठवडाभर उन्हात वाळव. वेल्डिंग वगैरे सगळं झाल्यावर शेवटी आतून मेणाचा गंजरोधक फवारा. आमच्याकडे लोक खालून काळं ऑइल मारतात, ते करू नकोस. रबरी बुश आणि होज फुगतात, आणि ते तेल शेवटी तुझ्याच ओढ्यात उतरतं.

चॅसी नंबर जिथे ठोकलेला आहे तिथे ग्राइंडर अजिबात नेऊ नकोस. आधीच टेप आणि ग्रीस लावून झाकून ठेव. तो पुसट झाला तर तपासणीला तुला फार त्रास होईल.

एक कळकळीचं. तुमच्याकडे वर कास आणि आमच्याकडे जांभ्याचे सडे. पावसाळ्यात सड्यावर बोटभर माती असते आणि त्यातच वर्षभराची सगळी झाडं-फुलं उगवतात. एक चाक फिरलं की ती माती दरडीखाली जाते आणि पुन्हा येत नाही. गाडी कितीही चांगली बांधलीस तरी सड्यावर घालू नकोस, बांधलेल्या वाटेवरच राहा. कुणी "इथे सगळेच घालतात" म्हणालं तरी.

---

कागदपत्री_पुणे

नमस्कार. यंत्रातलं मला कळत नाही, नियमांचं बोलतो.

गाडी २००३ ची, म्हणजे १५ वर्षांची मूळ नोंदणी केव्हाच संपली, आता दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसीवर वैधता कधीपर्यंत आहे ते आजच बघा. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० झालं, आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० केलं गेलं. पर्यावरण कर वेगळा. म्हणजे बजेटमध्ये हे धरा.

बदलांचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याच्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. लोखंडी बंपर, म्हणजे क्रॅश गार्ड, डिसेंबर २०१७ पासून बंदच आहेत. पादचाऱ्याला लागलं तर जीव जातो, हे कारण मला पटतं. त्यामुळे तुमच्या बेतातली उंची, ३१ इंची टायर आणि बंपर हायवेवर तिन्ही अडचणीचे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याचाच काढेल. खाजगी जागेतल्या ट्रेलसाठी ज्यांच्या गाड्या खूप बदललेल्या असतात ते त्या ट्रकवर लादून नेतात. तुम्हाला कुटुंबासह हायवेने जायचंय, म्हणून गाडी मूळ रूपाच्या जवळ ठेवणं कागदाच्याही सोयीचं.

आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. त्या अंगाला वनखात्याची जमीन कुठे सुरू होते ते जाण्याआधी विचारून घ्या.

---

वाईकर_जिप्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. गेले काही दिवस संध्याकाळी गाडीखालीच आहे.

ताई, ब्रेक दाबून चाक हलवलं, खेळ तसाच राहिला. डावा नकल उघडला. तुम्ही म्हणालात तशी करडी आमटी ट्रेमध्ये सांडली, आणि तिच्यात चमचमणारा लोखंडाचा कीस होता. खालच्या किंगपिन बेअरिंगच्या वाटीवर रोलरच्या लांबीचे खड्डे पडलेत, नखाला लागतात. बर्फील्ड जॉइंट धुऊन पाहिला, गोळ्यांच्या खाचा अजून गुळगुळीत आहेत, हाताने सगळीकडे सारखा फिरतो. उजवीकडे ग्रीस बरं आहे, पण तुमचं ऐकून तोही उघडतोय.

हबची तपासणी केली. डावा लॉकच होत नव्हता. आत सगळं गंजून चिकटलेलं.

कोकणी दादा, चॅसीवर दोन ठिकाणी बद्द आवाज आला, दोन्ही मागच्या उजव्या शॅकलजवळ. आणि वायर ब्रश मारल्यावर स्टिअरिंग बॉक्सच्या वरच्या बोल्टपासून निघालेली चीर दिसली, बोटाच्या पेराएवढी.

उचलायचा बेत सोडला. विंचही मागे ठेवतो. चीर मात्र मी स्वतः वेल्ड करू का? नांगराचे फाळ, ट्रेलरच्या चॅसी मी जोडतो, पण हे स्टिअरिंग आहे. आणि किंगपिनचे शिम किती घालायचे ते कसं ठरवतात? पुस्तकात स्प्रिंग काट्याचं चित्र आहे, नीट कळलं नाही.

---

पाने_आणि_पाटे (कोल्हापूर)

हात तुझा चांगला असेल तर चीर तू जोडू शकतोस, पण नुसती वरून रेघ मारून नाही.

आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढ आणि ईसीयूचं (इंजिनच्या संगणकाचं) कनेक्टर सोडव. वेल्डिंगच्या करंटने ईसीयू जळू शकतो. स्टिअरिंग बॉक्स उतरव. चिरेच्या टोकाला, जिथे ती संपते त्याच्या किंचित पुढे, तीन मिलिमीटरचं भोक पाड, म्हणजे ती तिथे थांबते. मग चीर ग्राइंडरने व्ही आकारात उघड आणि मिगने (तारेच्या वेल्डिंगने) आतपर्यंत भर. रॉडने केलंस तर पातळ पत्रा जळतो आणि कडेला कडक होतो. वर पॅच लावायचा तो चौकोनी नको, शंकरपाळीसारखा तिरक्या कडांचा काप. चॅसीवर आडवी-उभी सरळ वेल्ड रेघ आली तर पुढची चीर बरोबर त्या रेघेवरून जाते. पॅच मूळ पत्र्याच्याच जाडीचा घे. जाड प्लेट लावली की ती वाकत नाही आणि शेजारचा पातळ भाग फाटतो. बोल्टच्या भोकांमध्ये आतून नळीचा तुकडा बसवून वेल्ड केलास तर बोल्ट आवळताना पेटी चेपणार नाही. त्या जागेला एवढं कर. काम झाल्यावर फोटो टाक, मी बघते. मनात जरा जरी शंका आली तर एखाद्या चॅसीवाल्याकडून कर, त्यात कमीपणा नाही.

शॅकलजवळचे दोन भाग कापून नवा पत्रा घालावा लागेल. तिथे बद्द आवाज आला म्हणजे आत फार उरलेलं नाही. कापण्याआधी चॅसीला दोन्ही बाजूंनी टेकू दे आणि तिरप्या मापांनी, समोरासमोरचे कोपरे टेपने मोजून लिहून ठेव. वेल्ड झाल्यावर तीच मापं यायला हवीत.

विंच मागे ठेवलास ते बरं. कधी घेशील तेव्हा ६,००० पाउंडच्या आसपासचा पुरे. जड विंच नाकावर टांगला की पुढचे पाटे बसतात. तोवर पुढे-मागे चॅसीला ८.८ ग्रेडच्या बोल्टनी पक्के ओढायचे हूक लाव आणि एक ताणणारा दोर ठेव. टोइंगच्या गोळ्याला दोर लावून कुणालाही झटका मारू देऊ नकोस, गोळा तुटला तर गोळीसारखा काच फोडून आत येतो.

आता शिम. नवी बेअरिंगं आणि वाट्या बसव, ग्रीस भर, पण गोळ्यावरचं मोठं बाहेरचं सील अजून लावू नकोस. चाक, हब, अॅक्सल शाफ्ट काही नको, टाय रॉडही सुटा. नकल सरळ पुढे ठेव. टाय रॉडचा एंड जिथे बसतो त्या भोकात स्प्रिंग काट्याचा हूक अडकव आणि नकलच्या त्या दांड्याशी काटकोनात ओढ. नकल हलायला लागतो त्या क्षणी काटा काय दाखवतो ते वाच. एक ते पावणेदोन किलोच्या मध्ये हवं. कमी आलं तर बेअरिंग सैल आहे, वरच्या किंगपिनखालची एक शिम काढ. जास्त आलं तर एक घाल. शिम बदलली की चारही बोल्ट पूर्ण आवळून मगच पुन्हा मोज, नाहीतर आकडा फसवतो. बाजारात मासे तोलायचा जो हूकवाला काटा मिळतो तो चालतो, फक्त पाच किलोच्या आतला घे, मोठ्या काट्यावर एवढं बारीक दिसत नाही.

सील बसलं की ओढ वाढते, म्हणून माप सीलशिवायच. डावा-उजवा दोन्हीचे आकडे इथे टाक.